समोरच्याचं म्हणणं

॥ श्री ॥

शास्त्री नगर, जयपूर
२३ नोव्हेंबर २०२५

ती. बापूंना,
शि. सा. न. वि. वि.

वरची पाच अक्षरं मम्मीने सांगितली म्हणून लिहिली. त्यांचा मतलब विचारला तर म्हणाली, आठ अंगांनी नमस्कार. मी मोजली, मला सहाच अंगं सापडली. तरी केला.

माझं मराठी बोलायला ठीक आहे, पण लिहायला बसलं की हिंदीसारखं होतं. चुकलं तर हसा, पण पूर्ण वाचा. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून हे लिहिते आहे. मी तीन रविवार लावला. आज्जीच्या फोटोसमोर तुमचा फोन वाजत असेल आणि तुम्ही बघत बसला असाल, असं मला दिसतं.

बापू, तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झाले. मी अकरावीची टेस्ट देऊन घरी आले तर फ्रिजवर चिठ्ठी होती. जातो, गॅस बंद केला आहे, दूध तापवून ठेवलं आहे. बस, इतकंच. दिवाळीला सहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावाहून सरपंच निशिगंधाताईंचा फोन आला की बापू सुखरूप पोचले, तोपर्यंत इथे कोणी जेवलं नव्हतं. तेव्हापासून पप्पा तुमचं नावच घेत नाहीत. तुमच्या खोलीचं दार बंद ठेवतात आणि कोणी उघडलं तर पंखा चालू राहील म्हणून ओरडतात. थंडीत पंखा कोण लावतो?

मला पूर्ण गोष्ट माहीत आहे. वरच्या मजल्यावरचे सुखदेवजी रोज सकाळी छतावर कबुतरांना ज्वारी टाकतात आणि खालच्या मिताली भाभींच्या सासूबाई त्याच छतावर मंगोडी, म्हणजे मुगाच्या डाळीच्या वड्या, वाळवतात. मग कबुतरं मंगोडीवर बसतात, घाण करतात. सासूबाईंच्या बाजूने मिताली भाभी भांडायच्या. हे भांडण तुम्ही तुमच्या तंटामुक्ती समितीच्या नियमाने सोडवायला घेतलं. सुखदेवजी गुस्सा होऊन खाली आले आणि पप्पांना म्हणाले की तुमचे पिताजी मला त्या मितालीची बात माझ्या तोंडून बोलायला लावतात, हा माझा अपमान आहे. पप्पांनी तुमच्यासमोरच हात जोडून त्यांची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

आता माझं ऐका. मागे मोबाइलवरून माझी आणि मम्मीची कट्टी झाली होती, तेव्हा तुम्ही आम्हाला समोरासमोर बसवलं होतं. नियम सांगितला होता की आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. तो ‘हो, हेच’ म्हणाला तरच आपली पाळी. मी तीन वेळा चुकले, कारण दर वेळी मम्मीचं म्हणणं मी असं सांगत होते की मम्मीच वाईट दिसेल. चौथ्यांदा म्हणाले की मम्मीला भीती वाटते, एक दिवस मी तिला काहीच सांगणार नाही. तेव्हा ती रडायलाच लागली. तिला स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

तर मी तुमच्यावर आणि पप्पांवर केस दाखल करते आहे. अध्यक्ष मी. पहिली पाळी तुमची, कारण तुम्ही मोठे आहात आणि पळून गेलात.

तुमची खूप याद येते. तुम्हाला येत असेल तर तसं लिहा, नसेल तरी लिहा.

तुमची
तनया

---

॥ श्री ॥

मु. पो. निंबोडी, ता. फलटण
२ डिसेंबर २०२५

चि. तनयास,
अनेक आशीर्वाद.

अध्यक्षीणबाई, तुमची नोटीस पावली. दोनदा वाचली, एकदा चष्म्यानं आणि एकदा तुझ्या आज्जीच्या फोटोला ऐकवायला मोठ्यानं. तुझं मराठी हिंदीच्या वाटेनं आलं तरी घरी पोचलं. हसलो, हे कबूल करतो. आठवण येते का, असं विचारलंस. सकाळी दोन कप चहा टाकतो आणि मग ध्यानात येतं की दुसरा कप जयपुरात आहे.

तुझ्या बापाचं नाव काढलं की इथं सगळे माझ्याकडे बघतात. दोनशे तंटे मिटवलेला माणूस मी, आणि मला घरचा मिटवता येईना. गावाला काय, तमाशा फुकट. निशिगंधा परवा तोंडावर म्हणाली की बापू, दिव्याखाली अंधार. सरपंच झाली तरी माझ्या मांडीवर खेळलेली पोर आहे, बोलून घेते.

एक गोष्ट तुला आधी सांगतो, म्हणजे दुसऱ्याकडून कळायला नको. वाईला ज्येष्ठांचा एक निवास आहे, तिथं मी नाव दिलं आहे. महाशिवरात्र झाली की जाणार. रागानं नव्हे. इथं घर मोठं आणि माणूस एक, तिथं जयपुरात घर लहान आणि मी जास्तीचा. मधलं काहीतरी शोधलं, एवढंच. जागा चांगली आहे, खिडकीतून नदी दिसते. तू रडू नकोस.

आता केसचं. नियम माझाच आहे, मोडता येत नाही. तुझ्या बापाला वाचून दाखव: सतीश, तुझं म्हणणं असं आहे की मी न सांगता निघून गेलो. बिल्डिंगीत सगळ्यांना कळलं. म्हातारा बाप घर सोडून गेला म्हणजे मुलगा-सून नीट वागवत नसतील, असं लोक बोलले. माझ्यापायी तुझी नाचक्की झाली.

माझ्या मते हेच आहे. तो काय म्हणतो ते कळव. तुझ्या मम्मीला, सुनंदाला, सांग की गाजराचा हलवा पोचला, डबा परत पाठवताना रिकामा पाठवणार नाही.

माया कमी करू नकोस.

तुझा
बापू

---

॥ श्री ॥

जयपूर
१४ डिसेंबर २०२५

ती. बापूंस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र सी-स्कीममधल्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत लिहितो आहे. घरी लिहायला बसलो तर अध्यक्ष खांद्यावरून वाचतात. तिने मला सांगितलं आहे की उत्तर लिहिलं नाही तर ती माझ्याशी बोलणार नाही, आणि ती तुमचीच नात असल्यामुळे तसं करेल याची मला खात्री आहे.

तुमचं पत्र तिने वाचून दाखवलं. नाही, बापू. ते माझं म्हणणं नाही. लोक काय बोलतील याची भीती मला कधीच फार नव्हती, ती तुम्हाला असायची. दहा वर्षं राजस्थानात काढली, इथे मला ओळखतंय कोण?

नियमाप्रमाणे आता माझी पाळी. तुमचं म्हणणं असं आहे: आई गेल्यावर मी तुम्हाला इथे आणलं, पण तुम्हाला करमलं नाही. भाषा वेगळी, पाणी वेगळं, भाकरी मिळते पण चुलीवरची नाही. आम्ही दोघं दिवसभर कामावर, तनया क्लासला. बोलायला माणूस नाही. उन्हाळ्यात घामोळं, थंडीत गुडघे. शेवटी कंटाळून तुम्ही गेलात.

मी विम्याचे दावे तपासतो. लोक अर्जात खरं कारण लिहीत नाहीत, फॉर्मला जे चालेल ते लिहितात. तसं तुम्हीही फ्रिजवर गॅस आणि दूध लिहिलंत. म्हणून मला जे वाटलं ते मी भरलं आहे. चुकलं असेल तर सांगा.

वाईबद्दल तनयाने सांगितलं. त्यावर मी काही लिहीत नाही, कारण आत्ता लिहिलं तर वाईट शब्द येतील. त्या रात्री ती जेवली नाही, इतकंच कळवतो.

प्रकृतीला जपा. रक्तदाबाची गोळी सकाळची आहे, रात्रीची नव्हे.

आपला
सतीश

---

॥ श्री ॥

निंबोडी
२२ डिसेंबर २०२५

चि. सतीश यास,
आशीर्वाद, आणि गोळी सकाळीच घेतो हे आधी सांगतो.

तुझं अक्षर चांगलं झालं आहे. पूर्वी पत्रात ‘पैसे पाठवा’ एवढंच वाचता यायचं.

तू लिहिलंस ते माझं म्हणणं नव्हे. ते सगळ्या म्हाताऱ्यांचं म्हणणं आहे. भेटायला आलेला पाहुणा म्हणतो, डॉक्टर म्हणतो, आता तूही म्हणालास. मला जयपुरात करमत होतं, सतीश. तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो, परक्या माणसांत बसायची मला सवय आहे. सकाळी बागेत चार जण माझी वाट बघायचे. माझ्या हिंदीला हसायचे आणि मी त्यांच्या चहाला. गुडघे तर इथंही माझ्यासोबतच आले.

पण तू चुकलास त्याचा राग नाही. समितीत पहिल्या खेपेला बरोबर सांगणारा मी अजून पाहिला नाही. आपल्याकडच्या दोघा भावांचं बांधावरून भांडण होतं. थोरल्याला म्हटलं, धाकट्याचं म्हणणं सांग, तर म्हणाला, धाकटा म्हणतो मी लबाड आहे. म्हटलं, हे त्याचं म्हणणं नव्हे, ही तुझी शिवी त्याच्या तोंडात घातलीस. पाच बैठका झाल्या. सहाव्या बैठकीत थोरला म्हणाला की वाटणीच्या वेळी धाकट्याला कुणी विचारलंच नाही, तो तेव्हा फौजेत होता. धाकटा उठला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. बांध आहे तिथंच आहे, भांडण गेलं.

तेव्हा माझी दुसरी खेप. सतीश, तुझं म्हणणं असं आहे की मी गेलो त्या दिवशी तू घाबरलास. मी कुठं पडलो असेन, गाडीखाली सापडलो असेन, काय काय मनात आलं असेल. मी फोन बंद ठेवला होता. चार्जिंग नव्हतं असं सगळ्यांना सांगितलं, ते खोटं. मुद्दाम ठेवला. तुझ्या आईला जाऊन वर्ष झालं नव्हतं आणि मी तुला एका दिवसासाठी का होईना पोरका केला. हे तुझं म्हणणं.

वाईचं तू काही लिहिलं नाहीस ते बरं केलंस. वाईट शब्द पोस्टानं पाठवले की पाच दिवस वाटेत मुरतात.

सुनंदाला आणि अध्यक्षांना माझी आठवण द्यावी.

तुझा
बापू

---

॥ श्री ॥

शास्त्री नगर, जयपूर
२ जानेवारी २०२६

ती. बापूंना,
सहा अंगांनी नमस्कार, बाकी दोन सापडली की पाठवते.

हॅपी न्यू इयर. पप्पांनी तुमचं पत्र स्वतः वाचलं. मग छतावर गेले. एक घंट्याने आले आणि म्हणाले, अर्धं बरोबर आहे, बापूंना कळव. मी विचारलं, बाकीचं अर्धं काय, तर म्हणाले की नियमात सांगायचं नसतं, समोरच्याने शोधायचं असतं. बापू, पप्पा नियम पाळत आहेत! मला वाटलं होतं ते अध्यक्षांना फक्त झेलत आहेत.

आता मी एक गोष्ट सांगते, ही पप्पांना माहीत नाही की मी सांगितली. तुम्ही गेलात त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गाडीत होते. आधी मोठ्या स्टेशनवर गेलो, सगळे प्लॅटफॉर्म बघितले. मग गांधीनगर स्टेशन. मग दोन हॉस्पिटलं. मग बाग, तिथे तुमच्या चार दोस्तांना विचारलं. मग पप्पांनी गाडी झालानाला नेली, जंगलाच्या गेटवर, कारण तुम्ही एकदा म्हणाला होतात की मरायच्या आधी बिबट्या बघायचा आहे. गेटवाले भैया हसले. पप्पा हसले नाहीत. त्यांनी तुमचा फोटो दाखवून त्यांना परत विचारलं.

दुसरी गोष्ट. मी अध्यक्ष आहे म्हणून साक्षी घ्यायला सुखदेवजींकडे गेले. त्यांनी आधी मला तिळपट्टी खायला दिली, मग खरं सांगितलं. बापू, तुम्ही हे आम्हाला का सांगितलं नाही? ते म्हणाले की बाबूजी आपणहून मध्ये पडले नव्हते. मीच तीन वेळा त्यांना बागेत म्हटलं की माझा झगडा मिटवा, आम्ही एकाच बिल्डिंगीत राहून एकमेकांकडे बघतही नाही. त्या दिवशी मिताली भाभींचं म्हणणं सांगता सांगता त्यांना बोलता येईना. ते कबुतरांना दाणे त्यांच्या आईच्या नावाने टाकतात, आणि भाभींच्या सासूबाई मंगोडी अगदी तशीच घालतात जशी त्यांची आई घालायची. हे त्यांच्याच तोंडातून निघालं. डोळ्यांत पाणी आलं. एका जवान मुलीसमोर रडलो ही शरम वाटली, म्हणून गुस्सा करून खाली आले. अपमान वगैरे काही नव्हता, असं म्हणाले. आता दाणे ते बागेत टाकतात आणि मंगोडीची पहिली थाळी वरच्या मजल्यावर जाते.

मी घरी येऊन पप्पांना फक्त एवढं विचारलं की त्या दिवशी तुम्ही बापूंना विचारलं होतं का काय झालं. त्यांनी मला सुखदेवजी काय म्हणाले तेही विचारलं नाही. शर्टाला बटण लावत होते, ते तसंच ठेवून वर निघून गेले.

संक्रांतीला इथे पूर्ण आसमान पतंगांनी भरतं. तुमच्यासाठी मांजा नाही, फिरकी धरायचं काम ठेवलं होतं.

प्यार, म्हणजे लोभ,
तनया

---

॥ श्री ॥

जयपूर
१५ जानेवारी २०२६

ती. बापूंस,
शिरसाष्टांग नमस्कार. या वेळी अक्षरं तोडत नाही.

काल संक्रांत झाली. छतावर सगळी बिल्डिंग होती, कानाला गाणी आणि डोळ्यांना ऊन. सुखदेवजींनी मला एका कोपऱ्यात नेलं आणि त्या दिवसाचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले की तुम्ही माफी मागितलीत तेव्हाच मला कळलं की मी चुकीच्या घरावर दगड टाकला, पण तोंड उघडलं नाही. मला त्यांना बोल लावायचा हक्क नव्हता.

बापू, तुमचं म्हणणं मी पुन्हा सांगून बघतो.

तुम्ही आयुष्यभर ज्याच्यावर आरोप आला त्याला आधी विचारलंत की बाबा, तुझं काय म्हणणं आहे. दारुड्याला विचारलंत, चोराला विचारलंत. आणि आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याविरुद्ध कुणी तक्रार घेऊन आलं, तेव्हा तुमच्या पोटच्या पोराने तुम्हाला ते विचारलं नाही. तुम्ही तीन फुटांवर खुर्चीत बसला होता. मी तुमच्याकडे वळलोसुद्धा नाही. लहान मुलाने काच फोडली की बाप जसा शेजाऱ्याची समजूत काढतो, तशी मी सुखदेवजींची काढली. आई गेल्यावर पहिल्यांदा कुणाला तुमची गरज पडली होती, तुम्ही रोज दाढी करून बागेत जात होता, आणि मी एका मिनिटात तुम्हाला घरातला अडचणीचा माणूस करून टाकलं. तुम्ही गेलात ते जयपूर सोडून नव्हे. जिथे आपलं म्हणणं विचारलं जात नाही तिथे राहायचं नाही, म्हणून गेलात.

हेच का? असेल तर मला क्षमा करा, आणि नसेल तरी करा.

तुमची दुसरी खेप अर्धी बरोबर आहे, हे तनयाने कळवलंच असेल. मी घाबरलो होतो. पण नुसत्या भीतीचा राग दोन दिवसांत उतरतो, माझा तीन महिने उतरला नाही. कारण मला माहीत आहे. सांगणार नाही, नियम तुमचा आहे. फक्त एवढंच विचारतो की न विचारता हात जोडायचे, हे मी कुठे शिकलो असेन? आठवून बघा. नाही आठवलं तरी मी तुमच्यावर रुसणार नाही, पंचेचाळिशीत ते शोभत नाही.

सुनंदा म्हणते की वाईच्या लोकांना अजून होकार पक्का कळवू नका. मी म्हणतो की तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा. आम्ही दोघं वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगतो आहोत.

आपला लोभ मागावा इतकं मी काही केलेलं नाही, तरी मागतो.

आपला
सतीश

---

॥ श्री ॥

निंबोडी
२७ जानेवारी २०२६

चि. सतीश यास,
पोटभर आशीर्वाद.

हो, हेच. तुझं पत्र वाचून झालं आणि मी एवढंच म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, कारण नियमात मोठ्यानं म्हणावं लागतं. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

मग तुझ्या प्रश्नावर आलो आणि तिथंच बसलो. आठवायला वेळ लागला नाही, हे तुला खरं सांगतो. लिहायला मात्र चार दिवस लागले.

तू दहावीला होतास. तात्यांच्या गोठ्याचं फाटक उघडं राहिलं आणि रात्रीतून त्यांच्या म्हशींनी त्यांचीच उसाची लागण तुडवली. तू संध्याकाळी त्यांच्याकडे दूध आणायला गेला होतास, म्हणून तात्यांनी चावडीत तुझं नाव घेतलं. नुकतंच गावात मला पंच म्हणून बोलवायला लागले होते. स्वतःच्या पोराला पाठीशी घातलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी तुला काही विचारलं नाही. तुझे दोन्ही हात माझ्या हातांत धरले आणि चाळीस माणसांसमोर जोडायला लावले. तू दोनदा तोंड उघडलंस, मी दोनदा गप्प बस म्हटलं. लोक म्हणाले की न्याय करावा तर असा. त्या रात्री मी खूश होतो, सतीश. हे लिहिताना हात थांबतो, पण होतो.

आठ दिवसांनी तात्यांच्या पुतण्यानं कबूल केलं की फाटक त्यानं उघडं टाकलं होतं. तात्यांनी मला बांधावर गाठून सांगितलं. मी तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली की पोराला जवळ घ्या आणि सांगा. मी म्हटलं की झालं गेलं, आता उकरून काय मिळणार. ती त्यानंतर बरीच वर्षं अधूनमधून विचारायची, सांगितलं का म्हणून.

तर तुझं म्हणणं, तिसरी खेप. माझ्या पोरा, तुझं म्हणणं असं आहे की मला एकदा न विचारता अपमान झाला, तर मी बॅग उचलली आणि चालता झालो. माझ्याकडे जायला गाव होतं, घर होतं, तिकिटापुरते पैसे होते. तू सोळा वर्षांचा होतास, तू कुठं जाणार? तू त्याच घरात राहिलास. माझ्याच पंगतीला बसून जेवलास, मी मागितलं तर पाणी आणून दिलंस, दहावी पास होऊन पेढा आधी माझ्या हातावर ठेवलास. जो राग तू इतकी वर्षं गिळून माझा मुलगा राहिलास, तो मला एक रात्रसुद्धा गिळता आला नाही. म्हणून तुला माझ्या जाण्याचा एवढा राग आला.

एवढं लिहून पत्र पाकिटात घातलं होतं. मग वाटलं की अपमान चाळीस माणसांत केला आणि चूक बंद पाकिटात कबूल करायची, हा कुठला न्याय? मी समितीत कुणाला असं करू दिलं नसतं. काल प्रजासत्ताकदिनाची ग्रामसभा होती. गटाराचा आणि पाणीपट्टीचा विषय झाल्यावर आयत्या वेळचे विषय आले, तेव्हा मी हात वर केला. निशिगंधाला वाटलं मी रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल बोलणार. मी उभा राहिलो आणि तुझ्या वतीनं बोललो. म्हटलं, माझा मुलगा सतीश याचं म्हणणं असं आहे की मी दूध घेऊन निघालो तेव्हा फाटकाची कडी मी लावली होती. हे त्याला चावडीत सांगायचं होतं. मी सांगू दिलं नाही. ते खरं होतं हे मला आठ दिवसांत कळलं, आणि एकोणतीस वर्षं मी ते गावाला सांगितलं नाही, त्यालाही नाही.

सभेत निम्मी पोरं तेव्हा जन्मलीच नव्हती, ती एकमेकांकडे बघायला लागली. म्हातारी चार-पाच होती, त्यांनी माना खाली घातल्या. मला हात जोडायचे होते, पण कुणाकडे बघून ते कळेना. जयपूर उत्तरेला म्हणून उत्तरेकडे वळलो, तर समोर बालवाडीच्या संडासाची भिंत आली. तिलाच जोडले. कुणी हसलं नाही. ग्रामसेवकानं विचारलं की हे प्रोसिडिंगला लिहायचं का. निशिगंधा म्हणाली की शब्दन्‌शब्द लिहा. तो लिहीपर्यंत मी उभाच होतो.

हे तुझं म्हणणं मी बरोबर सांगितलं का, ते कळव. चुकलं असेल तर चौथी खेप करीन. वाईचं अजून ठरवलेलं नाही.

तुझ्यावर माझा लोभ होता, तो दाखवायला मी जागा चुकीची निवडली. यापुढं तो घरातच असेल.

तुझा
बापू

---

॥ श्री ॥

जयपूर
२ फेब्रुवारी २०२६

ती. बापूंस,
नमस्कार.

हे पत्र पोचायच्या आधी बहुतेक मीच पोचेन. आठ दिवसांची रजा टाकली आहे, शुक्रवारी निघतो. तनयाला परीक्षा आहे म्हणून तिला आणत नाही, त्यावरून सध्या ती माझ्यावर दुसरी केस दाखल करते आहे.

तुमचं पत्र तिघांनी मिळून वाचायला घेतलं होतं. मी मध्येच थांबलो, पुढचं सुनंदाने वाचलं. तनया उठली आणि तुमच्या खोलीचं दार उघडून आली.

बापू, कडी मी लावली होती, हे एक वाक्य मी एकोणतीस वर्षं तयार ठेवलं होतं. ते मी किती तऱ्हांनी बदललं असेल त्याला हिशेब नाही. कॉलेजात असताना ते खूप लांब होतं, त्यात तुम्हाला विचारायचे प्रश्नच दहा-बारा होते. नोकरी लागल्यावर ते टोमण्यासारखं झालं. तनया झाल्यावर जरा मऊ झालं. आई गेली त्या दिवशी ते जिभेवर आलं होतं, तुमच्याकडे बघितलं आणि परत गिळलं. कुठल्या शब्दांत सांगितलं म्हणजे तुम्हाला कळेल, हेच मला ठरवता येत नव्हतं. तुम्ही ते माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितलंत, तेही उभं राहून.

वाईला जायचं की जयपूरला, की उन्हाळ्यापर्यंत गावातच राहायचं, ते तुम्ही ठरवा. जिथे म्हणाल तिथे बॅग मी उचलीन. मी ते पटवायला येत नाही. मला आता तुम्हाला काही सांगायचं उरलेलं नाही. नुसतं येऊन तुमच्याजवळ बसायचं आहे.

तुमचा
सतीश